घाटावरचा दुष्काळ आणि आपला नळ

(ठाकुर्ली येथे संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



वार्षिक समारंभात पाहुण्याने शिक्षणाच्या महत्त्वावर बोलावे अशी प्रथा आहे. परंतु ज्यांनी पोटाला चिमटा काढून मुलांना शाळेत घातले आहे, त्या आईबापांना शिक्षणाचे महत्त्व मी नव्याने काय सांगणार? म्हणून चालकांच्या परवानगीने मी आज वेगळा विषय घेतला आहे. तो विषय म्हणजे दुष्काळ. ठाकुर्लीत बसून दुष्काळाची चर्चा कशाला, असे काहींच्या मनात येईल. आपल्याकडे जून उजाडला की रुळांवर पाणी चढते आणि लोकल बंद पडते. आपली तक्रार पाऊस फार झाला अशी असते. दुष्काळ म्हणजे मराठवाडा, सोलापूर, बीड, अशी आपली समजूत. ही समजूत अपुरी आहे, आणि ती का अपुरी आहे एवढेच मला आज सांगायचे आहे.

विद्यार्थीमित्रांनो, मी तुम्हाला एक सोपा प्रश्न विचारतो. सकाळी तुमच्या घरच्या नळाला जे पाणी येते ते कोठून येते? कोणी म्हणेल टाकीतून, कोणी म्हणेल महापालिकेतून. जे भूगोल वाचतात ते म्हणतील उल्हास नदीतून. उत्तर बरोबर आहे. कल्याण-डोंबिवलीचे पाणी मुख्यतः उल्हास नदीतून उचलले जाते. पण पुढचा प्रश्न असा, की पावसाळा संपल्यावर आठ महिने उल्हासला पाणी कोठून येते? आपल्या कोकणातल्या नद्या उताराच्या आणि आखूड. पाऊस थांबला की त्या लवकर आटतात. उल्हास उन्हाळ्यातही वाहती राहते ती मुख्यतः दोन ठिकाणच्या पाण्यावर. एक बदलापूरजवळचे औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण, आणि दुसरे कर्जतजवळच्या भिवपुरी वीजघरातून सुटणारे पाणी.

हे भिवपुरीचे पाणी मुळात आपल्या बाजूचे नाही. घाटावर मावळात आंध्रा नावाची नदी आहे. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला मिळते, आणि भीमा पंढरपूरवरून, सोलापूर जिल्ह्यातून पुढे जाऊन कृष्णेला मिळते. म्हणजे या पाण्याची नैसर्गिक वाट पूर्वेची, दुष्काळी मुलखाची. या नदीवर ठोकरवाडी येथे टाटांच्या कंपनीने धरण बांधले, डोंगरातून बोगदा काढला आणि पाणी कोकणाच्या बाजूला खाली सोडून त्यावर वीज निर्माण केली. भिवपुरीचे वीजघर १९२२ साली सुरू झाले. विजेसाठी वापरलेले पाणी उल्हासमध्ये येऊन पडले, आणि त्या पाण्याच्या भरवशावर पुढे बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण आणि डोंबिवली ही शहरे वाढत गेली. ठाकुर्लीला तर वीज आणि पाणी यांचे नाते नव्याने सांगायला नको. आपल्या चोळ्याच्या पॉवर हाऊसने कित्येक वर्षे रेल्वे चालवली. ते बंद पडून आता बराच काळ लोटला, पण जुन्या रेल्वे कुटुंबांच्या आठवणीत ते अजून आहे.

माझ्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून लगेच सांगतो. घाटावरचा दुष्काळ हा या बोगद्यामुळे पडतो असे मी म्हणत नाही. दुष्काळ त्याच्या फार आधीपासूनचा आहे. शिवाय आज या पाण्यावर लाखो माणसे जगतात. हे पाणी परत भीमेकडे वळवावे अशी मागणी दुष्काळी भागातून वेळोवेळी झाली आहे, आणि तो प्रश्न सोपा नाही. पण ज्या पाण्याने आपण सकाळी तोंड धुतो, वुजू करतो, त्या पाण्यात दुष्काळी मुलखाचा वाटा आहे, ही गोष्ट आपल्याला माहीत असली पाहिजे. ज्याचे आपण खातो त्याची खबर ठेवावी, एवढी साधी ही माणुसकी आहे.

आता दुष्काळ का पडतो ते पाहू. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि आपल्याकडे, कोकणात, रिते होतात. आपल्या भागात वर्षाला दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस होतो, घाटमाथ्यावर त्याहूनही अधिक. डोंगर ओलांडून पूर्वेला गेलो की शंभर किलोमीटरच्या आत तो पाचसहाशे मिलिमीटरवर येतो. सोलापूर, अहिल्यानगर म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, सांगली-साताऱ्याचे पूर्वेकडचे तालुके, बीड आणि धाराशिव म्हणजे पूर्वीचे उस्मानाबाद, हा सगळा मुलूख डोंगराच्या पाठीमागे पर्जन्यछायेत येतो. त्यातून जमिनीखाली काळा पाषाण. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग या कातळाचा आहे. हा दगड पाणी फारसे साठवून ठेवत नाही. भेगांत आणि झिजलेल्या मुरमात जे मुरेल तेवढेच विहिरीला लाभते. म्हणून एक वर्ष पाऊस हुकला तरी विहिरी तळ दाखवतात.

पण पाऊस कमी झाला म्हणजे दुष्काळ पडलाच असे नव्हे. जाणकार दुष्काळाचे तीन प्रकार सांगतात. पाऊस सरासरीपेक्षा बराच कमी पडला तर तो पावसाचा दुष्काळ. नद्या, तलाव, विहिरी आटल्या तर तो पाण्याचा दुष्काळ. आणि पिकाला हवी तेव्हा जमिनीत ओल राहिली नाही तर तो शेतीचा दुष्काळ. वर्षाची बेरीज पुरी असूनही शेतीचा दुष्काळ पडतो. जूनमध्ये पेरणीपुरता पाऊस झाला, मग जुलै-ऑगस्ट कोरडे गेले, आणि पीक करपल्यावर सप्टेंबरात मुसळधार झाली, तर कागदावर सरासरी भरते पण कणगी रिकामीच राहते. दुबार पेरणी हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. त्याचा अर्थ, बियाणे आणि खत यांचे कर्ज दुसऱ्यांदा डोक्यावर. खरीप गेले तर माणूस रब्बीच्या ज्वारीची आशा धरतो. परतीच्या पावसाने तीही मोडली की दावणीची जनावरे बाजारात येतात. सगळेच विकायला निघाल्यावर घेणार कोण? बैलाची जोडी कवडीमोलाने जाते. बैल गेला की पुढच्या वर्षीची शेतीही अडते.

या ठिकाणी आपल्या समाजाच्या दृष्टीने एक गोष्ट सांगतो. आपल्यापैकी कित्येकांची मुळे घाटावर आहेत. गावाकडे आपल्या पुष्कळ घरांना शेती थोडी किंवा मुळीच नाही. कोणी बागवान, कोणी आतार, कोणी तांबोळी, कोणी पिंजारी, कोणी गुरांचा व्यापारी. यांचे पोट आठवडी बाजारावर. शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की बाजार ओस पडतो, गादी भरायला कोणी येत नाही, फळाची पाटी उठत नाही. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा होतो. मोडलेल्या बाजाराचा पंचनामा करायला कोणी तलाठी येत नाही. अशी माणसे मग गाडी धरतात. मुंबई, भिवंडी, कल्याणच्या वस्त्यांमध्ये दुष्काळाने आणून सोडलेली घरे थोडी नाहीत. तुमच्या आजोबांना विचारा, आपण या गावात कोणत्या साली आलो? पुष्कळांच्या उत्तरात बहात्तरचा उल्लेख येईल.

बहात्तरचा दुष्काळ महाराष्ट्राने जसा सोसला तसाच तो निभावूनही नेला. त्याच्या आधी, इंग्रजी अमलात, १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे अक्षरशः किड्यामुंगीसारखी मेली. त्याच अनुभवातून महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना असा विचार मांडला की सरकारने आपले शिपाई कामाला लावून जागोजाग लहान बांध घालावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल. आज आपण ज्याला पाणलोट विकास म्हणतो, त्याचाच हा विचार होता. १९७२ साली लागोपाठच्या अवर्षणानंतर परिस्थिती अशी झाली की गावेच्या गावे कामावर आली. खडी फोडणे, रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव अशी कामे निघाली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटी होती. म्हणजे दहा माणसांमागे एक माणूस दुष्काळी कामावर. अमेरिकेचा लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी खाऊन लोकांनी ते दिवस काढले.

त्यातून एक मोठी गोष्ट जन्माला आली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव भागात १९६५ साली एक प्रयोग केला होता. जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला काम मिळालेच पाहिजे, हे त्याचे सूत्र. तीच रोजगार हमी योजना पुढे राज्यभर आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. २००५ साली देशभरासाठी जो रोजगार हमीचा कायदा झाला त्याचे बीज इथले. दुष्काळात माणसाने हात पसरायचा नाही, हक्काने काम मागायचे, हा विचार महाराष्ट्राने देशाला दिला. याचा आपण अभिमान बाळगला पाहिजे.

मग प्रश्न येतो, की एवढा धडा मिळूनही दुष्काळ हटला का नाही? बहात्तरनंतर मोठी धरणे पुरी झाली. पैठणचे जायकवाडी झाले, भीमेवरचे उजनी झाले. विजेचे पंप आले, बोअरवेल आल्या. धान्याची टंचाई बऱ्याच अंशी हटली. पण जुनी माणसे सांगतात, बहात्तरला खायला दाणा नव्हता, पण हाताने खणलेल्या विहिरीत थोडे तरी पाणी होते. आज रेशनच्या दुकानात धान्य आहे, पण शेकडो फूट खोल गेलेली बोअर कोरडी आहे. पाणी आले त्याहून वेगाने उपसा वाढला.

लातूरचे उदाहरण घ्या. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. शेवटी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. ११ एप्रिल २०१६ रोजी पहिली पाणीगाडी मिरजेहून निघाली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पाच लाख लिटर. आपण रेल्वेच्या गावातली माणसे. एवढी गाडी भरून नेणे हे केवढे काम आहे ते आपल्याला कळते. पण विद्यार्थ्यांनो, जरा गणित करा. लातूर शहराची वस्ती सुमारे चार लाख. पाच लाख लिटर वाटले तर माणशी सव्वा लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या गेल्या, तेव्हाही माणशी सहा लिटरच्या आसपास. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हवे असे सरकारी प्रमाण आहे.

आता दुसरे गणित. पाटाने पाणी दिलेल्या एक एकर उसाला वर्षभरात ढोबळ मानाने एक कोटी लिटर पाणी लागते. १३५ लिटरच्या हिशेबाने हे सुमारे दोनशे माणसांचे वर्षाचे पाणी झाले. महाराष्ट्रात ऊस पिकाखालच्या एकूण जमिनीच्या चार टक्क्यांच्या आसपास क्षेत्रावर आहे, पण सिंचनाच्या पाण्यापैकी जवळजवळ सत्तर टक्के पाणी तो घेतो, असे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने म्हटले आहे. दुष्काळी जिल्ह्यांतही कारखाने उभे राहिले आहेत. यात शेतकऱ्याला दोष देऊन भागणार नाही. उसाला ठरलेला भाव आणि ठरलेले गिऱ्हाईक आहे. ज्वारी, तूर, करडई यांना ती हमी मिळत नाही. हातात पैसा कशाने येतो हे पाहूनच माणूस पेरतो. पण याचा अर्थ असा की पाऊस आकाशातून कमी पडला, तरी पाण्याची वाटणी मात्र आपण माणसांनीच केलेली आहे. दुष्काळ निसर्गाने सुरू होतो आणि वाटणीने वाढतो.

हे फक्त लातूरला लागू आहे असे समजू नका. आपला ठाणे जिल्हाच पाहा. मुंबईची तहान भागवणारी धरणे शहापूरच्या परिसरात आहेत. तानसा १८९२ चे, मोडकसागर १९५७ चे, पुढे भातसा. नळांचे अजस्र पाइप या मुलखातून मुंबईकडे जातात. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस तेथे उदंड. पण उतारावरून तो वाहून जातो, तो अडवायला आणि पाड्यापर्यंत पोचवायला पुरेसा खर्च झाला नाही. पाड्यावरची मुलगी डोक्यावर हंडा घेऊन डोंगर उतरते, तेव्हा तिच्या शाळेची घंटा होऊन गेलेली असते. उदंड पावसाचा हा दुष्काळ आपल्यापासून दोन तासांच्या अंतरावर आहे.

वाटणी नीट करता येते, हेही महाराष्ट्रानेच दाखवले आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगाव येथे पाणी पंचायत सुरू केली. तिचे नियम ऐकण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या हिशेबाने द्यायचे नाही, घरातल्या माणसांच्या हिशेबाने द्यायचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. ऊस लावायचा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या सुमारास असाच निश्चय केला. तेथे दरवर्षी गावात किती पाऊस पडला, किती पाणी मुरले, याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्याप्रमाणे पिके ठरवतात. शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी आहे. पाऊस तेथे आजही थोडाच आहे. गाव बदलले ते हिशेबाने.

इतिहासात पाहायचे तर मलिक अंबराचे नाव घेतले पाहिजे. सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने खडकी हे नगर वसवले, तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. कमी पावसाच्या त्या जागी त्याने टेकड्यांत झिरपणारे पाणी जमिनीखालच्या नळातून, केवळ उताराच्या जोरावर, शहरात आणले. नहर-ए-अंबरी ती हीच. या नहरीने शेकडो वर्षे लोकांना पाणी पाजले. आज त्या शहराला जायकवाडीवरून पंपाने पाणी उचलावे लागते. आपण मलिक अंबराच्या लढाया पाठ करतो. त्याच्या या कामाचाही अभ्यास केला, तर आपल्यातून चार चांगले इंजिनीअर निघतील.

मित्रहो, आता आपण काय करावे, हे सांगून मी थांबतो. वाहत्या नदीच्या काठी बसलेल्यानेही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपल्याला घरातच मिळालेली आहे. तिला आता हिशेबाची जोड द्यायची आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या घरात, शाळेत, मशिदीच्या वुजूखान्यात एक दिवस पाणी मोजावे. गळक्या नळाखाली तासभर भांडे ठेवावे आणि चोवीसने गुणावे. आलेला आकडा वर्गात फळ्यावर लिहावा. छपराचे गणितही करावे. शंभर चौरस मीटर छपरावर दोन हजार मिलिमीटर पाऊस पडला तर ते दोन लाख लिटर पाणी होते. त्यातले थोडे जरी जमिनीत मुरवले किंवा टाकीत धरले, तरी तेवढे नदीतून कमी उचलावे लागेल. संस्थेच्या इमारतीपासून याचा आरंभ करावा, अशी माझी चालकांना विनंती आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात कल्याण-डोंबिवलीतही पाणीकपात सोसावी लागली होती, हे विसरू नये.

पालकांना माझे वेगळे सांगणे आहे. दुष्काळाच्या वर्षी पहिला घाव शिक्षणावर पडतो. बीडकडची जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात, आणि पाठीमागे मुलाला सांभाळणारे कोणी नसले तर तेही फडात जाते. त्याचे वर्ष बुडते, आणि एकदा बुडालेले वर्ष सहसा परत येत नाही. मुलीचे तर आधी बुडते. २०१८ साली राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, २०२३ मध्ये पुन्हा ४०. दर चार-पाच वर्षांनी ही पाळी येते असे समजूनच आपण तयारी ठेवली पाहिजे. ज्यांचे नातेवाईक त्या मुलखात आहेत त्यांनी अशा वर्षी धान्याबरोबर एवढेही विचारावे, की मुले शाळेत जातात ना? जमले तर त्या घरातले एक मूल वर्षभर आपल्याकडे ठेवून घ्यावे. भाच्याला किंवा पुतणीला मामाच्या, चाच्याच्या घरी ठेवून शिकवण्याची रीत आपल्यात जुनी आहे. घर लहान आहे, खोली एकच आहे, हे मी जाणतो. पण आपल्यापैकी कितीतरी जण अशाच कोणाच्या तरी खोलीत राहून शिकले आहेत. संस्थेनेही दुष्काळी तालुक्यांतून आलेल्या मुलांसाठी प्रवेशाच्या वेळी दाखल्यांची अडवणूक न करता चार जागा राखून ठेवाव्यात.

भीमेचे पाणी बोगद्यातून उतरून आपल्यापर्यंत येते, ते परत पाठवणे तुमच्या-माझ्या हाती नाही. पण तिकडच्या एका मुलाला येथे बाकावर जागा देणे आपल्या हाती आहे. हा त्या पाण्याचा मोबदला होत नाही, हे मला कळते. तरी सुरुवात म्हणून एवढे करावे, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात अशा मुलांची संख्या छापावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.